दिव्याची गाडी आणि आपला फड



दिवा हे ठाण्याच्या पुढचे रेल्वे स्टेशन. तेथे ऊस नाही, काटा नाही, आपले गट ऑफिस नाही. मग सभासदांच्या पत्रिकेत दिव्याचे काय काम, असे कोणी विचारील. म्हणून कारण आधीच सांगून टाकतो.

मागे एका गटाच्या बैठकीत पाणीपट्टीचा विषय संपला, चहा आला आणि मुंबईकडच्या रेल रोकोच्या गप्पा निघाल्या. एक जुने सभासद तावातावाने म्हणाले, "हे लोक माजलेत. सरकारी गाडी अडवायची म्हणजे काय? चार दिवस आत टाका, आपोआप सरळ येतील." पाच-सहा जणांनी माना डोलावल्या. आम्हीही गप्प बसलो. पण घरी येता येता आठवले, की हेच सभासद उसाच्या दरासाठी हमरस्त्यावर ट्रॅक्टरपुढे आडवे झाले होते. पोलिसांनी गाडीत घालून नेले, रात्री सोडले, आणि दुसऱ्या दिवशी गावाने त्यांना हार घातला. हार घालणाऱ्यांत आम्हीही होतो. नाव सांगत नाही. ते हा अंक वाचतील आणि बहुधा हसतील. निदान हसावेत, अशी आमची अपेक्षा आहे.

तर प्रश्न असा, की ट्रॅक्टर अडवणारा आंदोलक आणि लोकल अडवणारा माजोरी, हे वजन कोणत्या काट्यावर झाले? त्या काट्याचा आम्हाला संशय आहे, म्हणून हा लेख.

दिव्याशी आपले नाते लांबचे नाही. चार एकराला तीन भाऊ झाले, की एक जण उसाजवळ राहतो आणि उरलेले पुणे किंवा ठाणे-कल्याणची वाट धरतात. अशाच एका सभासदांचा धाकटा मुलगा दिव्याला भाड्याच्या खोलीत राहतो. कामानिमित्त आम्ही दोन रात्री त्याच्याकडे उतरलो होतो. चौथा मजला, लिफ्ट नाही. पाणी कधी नळाला, कधी टँकरने. खोली एवढी, की रात्री गाद्या अंथरल्या की दार उघडायची पंचाईत. आम्ही विचारले, "अरे, ठाण्यात का नाही बघितलीस?" तो म्हणाला, "काका, ठाण्यात परवडत नाही. डोंबिवलीत बघितली, तिथं पण परवडत नाही. मग मध्ये काय राहतं? दिवा."

सकाळी तो आम्हाला स्टेशनवर घेऊन गेला. आम्हाला जायचे होते मुंबईकडे, आणि हा पठ्ठ्या आम्हाला उलट्या दिशेच्या, कल्याणकडे जाणाऱ्या गाडीत चढवायला लागला. आम्ही म्हणालो, गाडी चुकली तुझी. तर म्हणाला, चुकली नाही. कल्याण-डोंबिवलीहून येणारी गाडी दिव्याला पोहोचते तेव्हा दारापर्यंत भरलेली असते, म्हणून दिव्याची माणसे आधी मागे जातात आणि तेथून पुढे येतात. "बसायला मिळावं म्हणून नाही काका, आत शिरायला मिळावं म्हणून." रोज अर्धा-पाऊण तास उलटा प्रवास, तोही पगारात नाही. शेतकऱ्याला हे चटकन कळेल. काट्यावर गाडी आधी लागावी म्हणून आपण मध्यरात्री उठून नंबर धरतो, त्यातलाच हा प्रकार. फरक इतकाच, की आपला हंगाम चार-पाच महिन्यांचा आणि याचा बारा महिन्यांचा.

या मार्गाची थोडी हकीकत सांगितली पाहिजे. बोरीबंदर ते ठाणे ही देशातली पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी सुटली आणि पुढच्याच वर्षी रूळ कल्याणपर्यंत गेले. म्हणजे दिव्यावरून गाडी जाते त्याला पावणेदोनशे वर्षे होत आली. वसईचा फाटा येथूनच फुटतो, पनवेलचाही. कोकणातल्या गरीब माणसाची सावंतवाडीची गाडी दिव्याहून सुटत आली आहे. इतके मोठे जंक्शन, पण मुंबईच्या जलद लोकल वर्षानुवर्षे दिव्याला थांबत नसत. फलाटावर उभे राहायचे आणि जलद गाडी धाडधाड करीत समोरून जाताना बघायची. गाव ठाणे महानगरपालिकेच्या हद्दीत, म्हणजे कागदावर शहरात. शहराने दिव्याला दिले काय, तर ठाण्याचा कचरा. कित्येक वर्षे तेथे कचऱ्याचे डोंगर होते, आग लागली की धूर घराघरांत. लोकांनी आरडाओरडा केला, मोर्चे काढले, तेव्हा कुठे २०२३ साली तेथे कचरा टाकणे थांबले.

आता २ जानेवारी २०१५ ची सकाळ. शुक्रवार होता. ठाकुर्ली-डोंबिवलीच्या बाजूला बिघाड झाला आणि गाड्यांचा खोळंबा झाला. कामावर उशिरा पोहोचले की खाडा, किंवा साहेबाची बोलणी. दिव्याला लोक फलाटावरून रुळांवर उतरले. आधी नुसते उभे राहिले असतील, मग दगड आले. मोटरमनला मारहाण झाली. पोलिसांनी लाठ्या चालवल्या, पोलिसांच्या गाडीला आग लागली. साथीदाराला मारले म्हणून मोटरमन लोकांनी काम थांबवले आणि मध्य रेल्वे कित्येक तास बंद पडली. लाखो माणसे जिथल्या तिथे अडकली.

मोटरमनला मारले ते वाईटच झाले. त्यात पण-परंतु नाही. त्याने बिघाड केला नव्हता, वेळापत्रक त्याने आखले नव्हते. तोही पगारी माणूस, पोराबाळांचा. अन्याय करणारा लांब, थंड खोलीत बसलेला असतो, आणि राग निघतो तो हाताशी सापडेल त्याच्यावर. हे आपल्याकडे होत नाही असे कोणी म्हणू नये. ऊस आंदोलनात टायरची हवा सोडली तेव्हा नुकसान कोणाचे झाले? कारखान्याच्या चेअरमनचे नव्हे, साखरेच्या व्यापाऱ्याचेही नव्हे. हप्त्यावर ट्रॅक्टर घेतलेल्या गावच्याच पोराचे, आणि तोडलेला ऊस फडात वाळला त्या शेतकऱ्याचे.

दगडाचा निषेध करून विषय संपत मात्र नाही. आम्हाला टोचते ती पुढची गोष्ट. डिसेंबर २०१६ पासून जलद गाड्या दिव्याला थांबू लागल्या. रेल्वे म्हणेल, फलाट बांधायचे होते, त्याला वेळ लागतो, दंगलीचा त्याच्याशी संबंध नाही. असेलही तसे. पण दिव्याच्या माणसाच्या जागी बसून बघा. वर्षानुवर्षे निवेदने दिली, सह्या गोळा केल्या, साहेबांना भेटून आले. उत्तर काय, तर "विचाराधीन आहे". आणि एक दिवस रूळ अडवले, त्यानंतर दोन वर्षांच्या आत गाडी थांबली. यातून तो कोणता धडा घेईल? अर्जाला उत्तर मिळत नाही, दगडाला मिळते, हा धडा त्याला कोणी शिकवला? तो आईच्या पोटातून शिकून आला नव्हता.

गाडी थांबली म्हणून गर्दी हटली असे नाही. ठाणे ते दिवा पाचव्या-सहाव्या मार्गाची पायाभरणी २००८ सालची, आणि तो खुला झाला फेब्रुवारी २०२२ मध्ये. तेवढ्यात दिव्यात एक पिढी शाळेतून नोकरीला लागली. ९ जून २०२५ ला, सोमवारी सकाळी, दिवा आणि मुंब्रा यांच्यामध्ये वळणावर दोन लोकल समोरासमोरून गेल्या. दारात लोंबकळणारी माणसे खाली फेकली गेली. त्यांतले काही जण गेले, कित्येक जखमी झाले. मुंबईच्या लोकलमार्गांवर २०२३ या एका वर्षात अडीच हजारांहून जास्त माणसे मेली, कोणी रूळ ओलांडताना, कोणी गाडीतून पडून. आपल्याकडच्या एखाद्या मध्यम गावची लोकसंख्या झाली ही. दर वर्षी एक गाव जाते आणि ओरड होत नाही. एक दिवस गाडी अडली की मात्र ओरड होते.

त्याच दिव्याच्या शेजारी, म्हातार्डीला, बुलेट ट्रेनचे ठाणे स्थानक योजले आहे. त्या अहमदाबाद गाडीचा मूळ अंदाजच १ लाख ८ हजार कोटी रुपयांचा होता. बुलेट ट्रेन नको असे आम्ही म्हणत नाही. नवे यंत्र आले की आपणही आधी नाके मुरडली आणि मग घेतले. पण दारात लोंबकळणाऱ्या माणसाला ते बांधकाम दिसते, हे विसरून चालणार नाही.

विषमतेचा मुद्दा नेमका येथे आहे, आणि तो पुस्तकातल्यापेक्षा कळव्याच्या माणसांनी चांगला समजावून सांगितला. कळवा म्हणजे दिव्याच्या अलीकडे, ठाण्याच्या बाजूला. ऑगस्ट २०२२ मध्ये मध्य रेल्वेने काही साध्या लोकल बंद करून त्यांच्या वेळेला वातानुकूलित लोकल सोडल्या. भाडे त्याच वर्षी मे महिन्यात निम्मे केले होते, तरी साध्या पासवाल्याला ते परवडणारे नव्हते. आधी कळव्याला आणि मग बदलापूरला लोकांनी विरोध केला, गाडी अडवली. थोड्याच दिवसांत रेल्वेने त्या नव्याने वाढवलेल्या १० फेऱ्या मागे घेतल्या. लोकांचे म्हणणे थंड हवेच्या विरुद्ध नव्हते. म्हणणे असे होते, की रूळ तोच, वेळ तीच. आमची गाडी काढून त्यांची लावली. माणूस गरिबी पुष्कळ सोसतो. आपल्या ताटातली भाकरी उचलून शेजाऱ्याच्या ताटात पोळी वाढलेली दिसली, तर ते सोसत नाही.

आकडेच हवे असतील तर तेही आहेत. टॉमस पिकेटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२४ साली भारताचा हिशेब मांडला. २०२२-२३ मध्ये देशातल्या वरच्या १ टक्का लोकांच्या हाती ४० टक्के संपत्ती होती आणि एकूण उत्पन्नाचा २२ टक्क्यांहून अधिक वाटा. शंभर सभासदांच्या गावात एकाच्या मळ्यात ४० टनांचा ढीग आणि उरलेल्या ९९ जणांत ६० टन, असे समजा. न्यूयॉर्कला २०११ साली पोरे बागेत तंबू ठोकून बसली ती याच ९९ चे नाव घेऊन. फ्रान्समध्ये २०१८ साली डिझेलवरचा कर वाढला तेव्हा पिवळी जाकिटे घालून लोक चौकाचौकांत उभे राहिले. ती बरीचशी पॅरिसबाहेरची, गावाकडची, रोज गाडी चालवून कामाला जाणारी माणसे होती. म्हणजे शहराबाहेर ढकललेला माणूस हा काही एकट्या दिव्याचाच नाही.

शहराबाहेर तो गेला कसा, हे आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना माहीत आहे. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार. त्यांत सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरीकडचे किती होते ते विचारू नका, आपल्याकडे तर घरटी एक गिरणीवाला होता. त्याची मनिऑर्डर आली की खत यायचे. संप मोडला असे कोणी जाहीर केले नाही, तो तसाच विरून गेला. काही जण पिशवी घेऊन गावी आले आणि दुसऱ्याच्या बांधावर रोजाने गेले. काहींची पोरे लालबाग-परळ सोडून वसई, कल्याण, दिव्याकडे सरकली. गिरण्यांच्या जागेवर काचेचे मनोरे उठले, आणि त्याच मनोऱ्यांत झाडलोट करायला, पहारा करायला गिरणीवाल्याचा नातू दिव्याहून लोंबकळत जातो. संप चुकला की बरोबर होता, यावर वाद घालणारे अजून आहेत. आमचे मत असे, की मागण्या खोट्या नव्हत्या. पण किती दिवस ताणायचे आणि कुठे हात राखायचा, हा हिशेब राहून गेला, आणि समोरच्या बाजूला तर ऐकायचेच नव्हते.

आता आपल्याकडे येऊ. शेतकऱ्याने पहिला मोठा दणका दिला तो १२ मे १८७५ ला, सुप्याच्या बाजारात. सावकारांच्या वह्या, खते, दस्तऐवज चौकात आणून जाळले. त्या वेळच्या हकिकतींत एक गोष्ट ठळक आहे. कागद जाळले, पण माणसाच्या अंगाला हात क्वचितच लागला. कागद देऊन टाकला की सावकार सुटला. आपला शत्रू माणूस नसून तो कागद आहे, एवढे त्या अडाणी म्हटल्या गेलेल्या कुणब्याला कळत होते. चार वर्षांनी, १८७९ ला, कायदा झाला. त्याआधी अर्ज झाले नसतील असे कोण म्हणेल?

आणि आपले बिल! १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात लिहिले आहे, की ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, नाही दिले तर सालाना १५ टक्के व्याज. २०२५-२६ च्या हंगामाला १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये एफआरपी केंद्राने जाहीर केली. राज्य सरकारने फेब्रुवारी २०२२ मध्ये एफआरपी दोन हप्त्यांत देण्याची मोकळीक कारखान्यांना दिली, त्यावर रस्त्यावर लढा झाला, कोर्टात झाला, आणि मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. राजू शेट्टींचे राजकारण कोणाला पटो न पटो, ते पैसे सगळ्यांच्याच खात्यावर आले. आपल्या कारखान्याने १४ दिवस कधी पाळले आणि कधी पाळले नाहीत, हे सभासदांना आम्ही सांगायला नको. एवढेच म्हणतो, की कायद्यात लिहिलेली गोष्ट मागायलाही आपल्याला रस्त्यावर बसावे लागले. दिव्याच्या माणसाचे तर कोठे लिहिलेलेही नव्हते.

ठाणे जिल्ह्यानेच एक वेगळी रीतही दाखवली आहे. ६ मार्च २०१८ ला किसान सभेचा मोर्चा नाशिकहून निघाला. बहुतेक आदिवासी, वनजमीन कसणारे. कसारा घाट उतरून, शहापूर, भिवंडी, ठाणे करीत पायी पायी सुमारे १८० किलोमीटर. कित्येकांच्या पायांची सालटी निघाली. ११ तारखेला रात्री ते चुनाभट्टीजवळ सोमय्या मैदानात टेकले. सकाळी आझाद मैदानाकडे निघायचे होते. पण दहावीची परीक्षा चालू होती. रस्ता अडला तर मुंबईच्या पोरांचा पेपर चुकेल, म्हणून ती थकलेली माणसे उठली आणि रात्रीच्या अंधारात चालत गेली. सकाळी मुंबई जागी झाली तेव्हा मोर्चा मैदानात पोचला होता. मग मुंबईकर पाणी घेऊन आले, चपला घेऊन आले. जी मुंबई मोर्चा म्हटला की कपाळाला आठ्या घालते तीच ही मुंबई! १२ तारखेला सरकारने लेखी आश्वासन दिले.

गोष्ट येथे संपली असती तर लिहायला गोड वाटले असते. पण २०२३ च्या मार्चमध्ये तीच माणसे पुन्हा नाशिकहून निघाली आणि वासिंदपर्यंत चालत आली, कारण आधीच्या कागदातले पुष्कळ काही कागदावरच राहिले होते. शहाण्या रीतीने मागणाऱ्याला दोनदा चालायला लावायचे आणि मग "आंदोलने हिंसक का होतात" म्हणून परिसंवाद भरवायचे, यात अर्थ नाही.

याच जिल्ह्यात, आताच्या पालघरकडच्या भागात, १९४५ साली वारली उठले होते. गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात ते सारे लिहून ठेवले आहे. वेठबिगार बंद करा, आणि गवत कापायची मजुरी वाढवा, या मागण्या. गवताची मजुरी वजनावर ठरत असे. वजनावर ठरणारी कापणीची मजुरी म्हटल्यावर सभासदांच्या डोळ्यांपुढे काही आले असेल.

आपल्या फडावर येणारी टोळी. येथे आम्हाला थोडे अवघड बोलायचे आहे, आणि काही जण रागावतील हे धरून बोलायचे आहे.

दसरा-दिवाळीला बीड, पाथर्डी, जालना, जतकडून कोयते येतात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, माणसाला अवजाराचे नाव. मुकादमाकडून उचल घेतलेली, ती फिटेपर्यंत मागे जाता येत नाही. पहाटे थंडीत बाई फडात वाकलेली, पोर पाचटावर निजवलेले. आजारी पडली तर खाडा, म्हणजे पैसे कापणार. खाडा नको म्हणून या बायांनी काय केले हे २०१९ साली बीड जिल्ह्याच्या पाहणीत बाहेर आले. सुमारे ८२ हजार ऊसतोड बायांची नोंद घेतली, त्यांत १३ हजारांहून जास्त जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. आपण साखरेचा उतारा दशांशात मोजतो. हा उतारा कोणाच्या खात्यात लिहायचा?

दुसरी बाजूही आहे, ती आम्ही लपवीत नाही. मुकादम उचल घेऊन पळतात. आपल्याच कित्येक ट्रॅक्टरवाल्या सभासदांचे लाखो रुपये असे बुडाले, कोणी जमीन विकून देणे भागवले. टोळी एकरी वर पैसे मागते, ड्रायव्हर एंट्री मागतो, न दिले तर ऊस उभा राहतो. आमच्या स्वतःच्या खोडव्याची तोड अशीच महिनाभर लांबली आणि वजन घटले, तेव्हा आम्हीही तोंडाने नको ते बोललो. पण बोलून झाल्यावर विचार केला, की वर पैसे का मागतात? तोडणीचा दर वाढतो तो दर तीन वर्षांनी, संप झाला तर. जानेवारी २०२४ मध्ये ३४ टक्के वाढ ठरली, तीही कोयते खाली ठेवायची वेळ आल्यावर. महामंडळ निघाले, त्याला कारखान्यांनी टनामागे १० रुपये द्यायचे ठरले. त्यातले अड्ड्यावरच्या कोपीपर्यंत काय पोचले, हे एकदा स्वतः जाऊन बघा. आम्ही बघितले. एका अड्ड्यावर तीसेक कोप्या, पाण्याला शेजारच्या विहिरीवर जायचे, तेही मळेवाल्याची मर्जी असेल तर. लाईट नाही. बायांना आडोसा नाही, उसाचाच आडोसा, आणि ऊस तर रोज त्याच तोडतात.

आम्ही तेथल्या एका मुकादमाला विचारले, "तक्रार कोणाकडे देता?" तो आमच्याकडे बघतच राहिला. मग म्हणाला, "कुणाकडं देऊ? शेतकी ऑफिसात गेलं तर म्हणतात मालकाला सांग, मालक म्हणतो कारखान्याला सांग. आपलं काम तोडायचं." म्हणजे बघा. दिव्याचा माणूस रेल्वेकडे गेला की ती पालिकेकडे बोट दाखवी, पालिका रेल्वेकडे. आपणही तेच करू लागलो की! या देवाणघेवाणीत आपण अर्जदाराच्या बाजूला उभे आहोत असे आपण धरून चाललो होतो. टोळीच्या दृष्टीने खिडकीच्या आतले साहेब आपणच आहोत.

१९५० साली प्रवरेला पहिला सहकारी कारखाना उभा राहिला. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी जे धरले ते एवढेच, की मोठ्या बागाइतदाराला एक मत आणि अर्ध्या एकरवाल्यालाही एकच मत. सभेत उभे राहून चेअरमनला विचारता येते म्हणून आपल्याला रोज रस्त्यावर बसावे लागत नाही. जिथे सभा गुंडाळल्या गेल्या, पाच मिनिटांत "मंजूर, मंजूर" झाले, तिथे लोक रस्त्यावर आले. हे आपण आजूबाजूला पाहिले आहे. टोळीला तर मत नाही, शेअर नाही, सभेची नोटीसही नाही. तिच्याजवळ दोनच गोष्टी आहेत. मुकाट्याने तोडणे, किंवा कोयता खाली ठेवणे.

म्हणून येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत आम्ही एक विषय मांडणार आहोत. प्रत्येक गट ऑफिसात तोडणी टोळ्यांच्या तक्रारींची वही ठेवावी. लिहिता येत नसेल त्याची तक्रार चिटबॉयने लिहून घ्यावी आणि वाचून दाखवावी. वही दर महिन्याला संचालक मंडळापुढे जावी, आणि प्रत्येक नोंदीला १४ दिवसांच्या आत लेखी उत्तर जावे. मुदत १४ दिवसांचीच का, हे सभासदांना सांगायची गरज नाही. त्याबरोबर ज्याच्या रानात अड्डा पडतो त्याने पाण्याचा नळ आणि एक दिवा द्यावा, त्याचा खर्च कारखान्याने त्याच्या बिलात जमा करावा. बायांसाठी आडोशाचे पत्रे शेती खात्याने हंगाम सुरू होण्याआधी उभे करावेत. खर्चाचा अंदाज शेती अधिकाऱ्यांकडे मागितला आहे, तो सभेपुढे ठेवू. विरोध असेल त्यांनी जरूर बोलावे. वर पैसे मागण्याच्या तक्रारीही त्याच वहीत शेतकऱ्यांनी लिहाव्यात, म्हणजे दोन्ही बाजू एका जागी येतील.

विषयाला सूचक-अनुमोदक म्हणून सह्या लागतात. त्याचा नमुना प्रत्येक गट ऑफिसात ठेवला आहे. सभेच्या नोटिशीत दिलेल्या मुदतीच्या आत सही करून, सभासद क्रमांक टाकून, पोच घेऊन द्यावा. ज्या जुन्या सभासदांची हकीकत आम्ही वर सांगितली, त्यांच्या घरी तो कागद आम्ही स्वतः घेऊन जाणार आहोत. अनुमोदकाची जागा मोकळी ठेवली आहे.